खोक्यावरचे डेसिबल आणि कानातलं रबर

प्रश्न : मी डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज लोकलने नोकरीला जाते. जाता-येता मोबाइलवर बँकेच्या परीक्षेची लेक्चर्स ऐकते. गेल्या वर्षी १,४०० रुपयांचे, 'नॉइज कॅन्सलिंग' लिहिलेले इअरबड्स घेतले, पण गाडीत काहीच फरक पडत नाही. आवाज पूर्ण वाढवावा लागतो. उजवा बड सारखा निसटतो आणि तासाभराने तोच कान दुखायला लागतो. आता तीन हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. ऑफिसात कुणी म्हणतं ५० डेसिबलचेच घे, कुणी म्हणतं स्वस्तातले सगळे सारखेच. काय घेऊ? शिवाय आईचा धोशा आहे की असलं काही कानात घालून फिरू नकोस, गाडी आलेली कळणार नाही. तिचं किती मनावर घ्यायचं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नवे बड्स बघण्याआधी जुन्यांचा खोका अजून घरात असेल तर काढा आणि त्यावर नेमकं काय छापलंय ते वाचा. बहुतेक 'ईएनसी' असेल, 'एएनसी' नसेल. फरक एका अक्षराचा, पण कामं अगदी वेगळी. ईएनसी माइकसाठी असतं. तुम्ही फोनवर बोलताना आजूबाजूचा गोंगाट गाळून समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ पोचावा, एवढंच ते बघतं. तुमच्या कानाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. कानात शांतता आणतं ते एएनसी, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. हजार-दीड हजारांच्या खोक्यांवर 'क्वाड माइक', 'नॉइज कॅन्सलिंग माइक' असे शब्द मोठ्या टायपात असतात, ते सगळे ईएनसीचेच. छापलेलं खोटं नसतं, पण घेणाऱ्याची गफलत व्हावी अशाच बेताने छापलेलं असतं.

खात्री करायची सोपी रीत आहे. गाणं-लेक्चर काहीही न लावता दोन्ही बड्स कानात घाला, पूर्ण वेगात फिरणाऱ्या पंख्याखाली उभ्या राहा आणि एएनसी चालू-बंद करून बघा. खरं असेल तर पंख्याची घरघर एकदम खाली बसते. घरघर तशीच राहून वर बारीक 'स्स्स' ऐकू येऊ लागलं तर ते नावापुरतं आहे. महागड्या ब्रँडची 'फर्स्ट कॉपी' म्हणून रस्त्यावर जे विकतात त्यात हा प्रकार हमखास सापडतो. डबी उघडली की फोनवर बॅटरीचं चित्र अगदी अस्सलसारखं उमटतं, पंख्याचा आवाज मात्र जिथल्या तिथे.

आता एएनसीकडून अपेक्षा किती ठेवायची ते बघू. बडच्या बाहेरच्या अंगाला एक माइक असतो. जरा बऱ्या बड्समध्ये आतही एक असतो, कानाच्या पडद्याकडे तोंड केलेला. बाहेरचा आवाज टिपायचा, त्याची बरोब्बर उलटी लाट तयार करायची आणि ती स्पीकरमधून सोडायची, म्हणजे दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. कल्पना जुनी आहे. पॉल लूएग या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. अमर बोस यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी तसा हेडसेट बाजारात आणायला १९८९ उजाडलं, कारण कागदावर सोपं वाटणारं हे काम वेळेच्या हिशेबात अडकतं. १०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १०० लाटांच्या) घरघरीची एक लाट पूर्ण व्हायला १० मिलिसेकंद लागतात. ३,००० हर्ट्झच्या किणकिणाटाची लाट सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात संपते. उलटी लाट पोचायला किंचित उशीर झाला तर घरघरीच्या बाबतीत फारसं बिघडत नाही. किणकिणाटाच्या बाबतीत मात्र आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकतो. म्हणून एएनसीचा सगळा जोर साधारण १,००० हर्ट्झच्या खालच्या आवाजांवर असतो.

तुमच्या डब्यात याचा अर्थ असा : छतावरच्या पंख्यांची घरघर, मोटरची आणि कॉम्प्रेसरची भणभण, चाकांचा खालच्या पट्टीतला गडगडाट बराचसा जाईल. पुढच्या स्टेशनची घोषणा, शेजारणीचं फोनवरचं बोलणं, क्लिपा-कानातली विकणाऱ्या मावशींची हाळी, संध्याकाळच्या भजनातले टाळ हे राहील, फक्त चार सीट पलीकडे गेल्यासारखं वाटेल. वरच्या पट्टीतले हे आवाज अडवण्याचं काम कानात घट्ट बसलेलं रबर करतं, चिप नाही.

ऑफिसात सांगितलेल्या ५० डेसिबलचंही तसंच. एएनसीने बाहेरचा आवाज किती उतरतो ते सांगणारा तो आकडा कंपनीने आपल्या प्रयोगशाळेत मोजलेला, ज्या एका फ्रिक्वेन्सीला सगळ्यात चांगला निकाल मिळाला तिथला असतो. सगळ्या आवाजांची ती सरासरी नसते. आवाज १० डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो, त्यामुळे काहीच नसण्यापेक्षा २५ डेसिबलवाला बडही गाडीत लगेच कळतो. पण ४२ आणि ५० यांच्यातला फरक खोक्यावर दिसतो तितका गाडीत जाणवत नाही. सगळेच सारखे असतात हेही खरं नाही. दोन हजारांच्या खालचं एएनसी बहुतेक वेळा बाहेरच्या एकाच माइकवर चालतं आणि पंख्याच्या पुढे जात नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट उजव्या कानाची आहे. बड निसटतो आणि कान दुखतो, ही दोन दुखणी नाहीत, बहुधा एकच आहे. खोक्यातून बड्स निघतात तेव्हा दोन्हींना मधल्या मापाचं, 'एम' रबर चढवलेलं असतं आणि बहुतेक जण ते कधीच बदलत नाहीत. दोन्ही कानांची भोकं तंतोतंत एका मापाची असतीलच असं नाही. उजव्याला रबर लहान पडलं की बड सैल बसतो, मग तुम्ही तो बोटाने आत रेटता आणि बडचा कडक प्लॅस्टिकचा भाग तासभर कानाच्या कुर्चेवर टेकून राहतो. दुखतं ते तिथे. शिवाय फट राहिल्यामुळे एएनसीही कोलमडतं. दार उघडं ठेवून एसी लावावा तशी गत होते, कारण खालच्या पट्टीतला आवाज अगदी बारीक फटीतूनही सहज आत शिरतो.

तेव्हा जुन्यावरच आधी हा प्रयोग करा. उजव्याला 'एल' रबर चढवा, डाव्याला 'एम' राहू द्या. दोन बाजूंना दोन मापं असली तर काही बिघडत नाही. घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, त्याने कानाची नळी सरळ होते. बड आत सरकवा, कान सोडा आणि बड किंचित मागच्या बाजूला फिरवून बसवा. मग तोंड मिटून 'म्‌ऽऽ' करा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा आणि दोन्हीकडे सारखाच ऐकू आला तर रबर बसलं. एका बाजूला कमी घुमला तर तिथे फट आहे. एएनसी असलेल्या बड्ससाठी आणखी पक्की परीक्षा म्हणजे पंख्याखाली एएनसी चालू ठेवायचं आणि बड बोटाने हलकेच दाबायचा. दाबल्यावर घरघर आणखी उतरली, तर न दाबताना रबर पुरेसं बसत नाहीये. शेवटी जबडा उघड-मीट करा, पाच-सहा वेळा चावल्यासारखं करा. त्याने सुटलं तर गाडीत जांभई दिलीत तरी सुटेल.

तिन्ही मापं करून झाली तरी बसत नसेल तर फोमच्या टिप्स येतात. बोटांत चेपून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत १५-२० सेकंद धरून ठेवायच्या. बोलण्याचे आवाज त्या नेहमीच्या सिलिकॉनच्या रबरापेक्षा चांगले अडवतात आणि टोचत नाहीत. घेताना दोन गोष्टी बघा. बडच्या नळीचं तोंड गोल आहे की लंबगोल, कारण एकाची टिप दुसऱ्यावर नीट चढत नाही. आणि टिपेची उंची, कारण उंच टिप लावली की बड डबीत पूर्ण खाली बसत नाही. झाकण लागतं, पण चार्जिंगच्या पिनांना बड टेकतच नाही आणि सकाळी बघावं तर एक बाजू रिकामी. यात बॅटरीला उगाच दोष दिला जातो. घामाने फोम काही महिन्यांत मऊ पडून फुगेनासा होतो, तो खर्चही धरून ठेवा.

कानात दुखत नाही पण दडा बसल्यासारखं होतं, ही तक्रार एएनसी पहिल्यांदा लावणाऱ्या अनेकांची असते. हवेचा दाब वाढलेला नसतो. खालच्या पट्टीतले आवाज अचानक गेल्याने मेंदूला तसं भासतं. अ‍ॅपमध्ये कमी-मध्यम-जास्त अशा पायऱ्या असतील तर मध्यमवर ठेवा.

आता खरेदी. कानाच्या बाहेरच नुसते टेकवायचे, रबर नसलेले अर्धे बड्स या किमतीत एएनसी लिहून आले तरी घेऊ नका, फट बुजवायला तिथे काहीच नसतं. तीन हजारांच्या आसपास २०२४ मध्ये आलेली काही मॉडेल्स बघण्यासारखी आहेत. सीएमएफ बड्स (कंपनीचा दावा ४२ डेसिबल) भारतात आले तेव्हा २,४९९ रुपयांना होते. वनप्लस नॉर्ड बड्स ३ प्रो (४९ डेसिबल) आणि रिअलमी बड्स एअर ६ (५० डेसिबल) दोन्ही ३,२९९ ला आले. सेलमध्ये किमती उतरतात आणि पुढचं मॉडेल आलं की आणखी उतरतात. या वस्तूत एका वर्षाचं जुनं मॉडेल घेणं शहाणपणाचं, फक्त सील तुटलेलं नसावं आणि बिल पक्कं असावं. वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं मात्र नको, कारण आतली चिमुकली बॅटरी वापराविनाही म्हातारी होते. खोक्यावरचा उत्पादनाचा महिना बघा.

बघायचं ते एवढंच : एएनसीच्या पायऱ्या आणि इक्वलायझर (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) देणारं अ‍ॅप, बाहेरचं ऐकू देणारा ट्रान्स्परन्सी मोड, एकच बड लावून चालण्याची सोय, घाम-शिंतोड्यांपासून बचावासाठी निदान आयपीएक्स-४ रेटिंग. हे रेटिंग बड्सचं असतं, डबीचं असेलच असं नाही, त्यामुळे ओल्या पर्सच्या तळाशी डबी ठेवू नका. ज्याला पैसे द्यायचे नाहीत ते म्हणजे एलडॅक वगैरे कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धती (लेक्चरमधला आवाज मुळातच दाबून छोटा केलेला असतो, भारी कोडेकने तो सुधारत नाही), १३ मिमी ड्रायव्हर (आतला स्पीकर), गेमिंग मोड आणि 'एकूण ५० तास'. तास मोजताना डबीतली बॅटरीही धरतात, एएनसी बंद ठेवतात आणि आवाज निम्म्यावर ठेवतात. एएनसी चालू असताना एका चार्जवर पाच-सहा तास मिळाले तर ठीक. तुमचा जाऊन-येऊन प्रवास अडीच-तीन तासांचा, मधे बड्स डबीत जाणारच. तुम्हाला पुरून उरतं.

आणखी एक पर्याय दुकानदार सहसा सुचवत नाही. तुमचा वेळ मुख्यतः लेक्चर ऐकण्यात जातो, गाण्यात नाही. हजार रुपयांचे वायरवाले इन-इअर इअरफोन आणि वर चांगल्या फोमच्या टिप्स यांनी माणसांचं बोलणं स्वस्त एएनसीपेक्षा जास्त अडतं. घरी बाकीच्यांचा टीव्ही, मिक्सर, गप्पा चालू असताना अभ्यास करायचा असेल तर आम्ही हेच सुचवू. त्यांना चार्जिंग नाही, बॅटरी मरण्याची भीती नाही. गाडीत मात्र वायर गर्दीत अडकते, कपड्याला घासून तिचा खरखराट कानात येतो आणि खालचा गडगडाट तसाच राहतो. शिवाय फोनला गोल पिनेची जागा नसेल तर टाइप-सीचा जोड वेगळा घ्यावा लागतो.

गाडीत वापरताना क्रम असा ठेवा : जागेवर बसल्यावर किंवा नीट उभं राहिल्यावर आधी एएनसी लावा, चार सेकंद थांबा, मग लेक्चर सुरू करून शब्द कळतील इतपतच आवाज वाढवा. उलट केलं की गोंगाटाच्या मापाने वाढवलेला आवाज तसाच राहून जातो. इक्वलायझरमध्ये बास खाली आणि २,००० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा थोडा वर केला की मास्तरांची व्यंजनं स्पष्ट होतात आणि एकूण आवाज कमी पुरतो. खिडकीशी बसल्यावर कानात फडफड ऐकू आली तर बड बिघडलेला नाही. वारा बाहेरच्या माइकवर आदळतो आणि एएनसी त्यालाच आवाज समजून उलटी लाट सोडतं. विंड मोड असेल तर लावा, नसेल तर तेवढ्यापुरतं एएनसी बंद करा. तळहाताने बड झाकल्यावर शिट्टी वाजते त्याचं कारण वेगळं. आतला आवाज हातावर आपटून पुन्हा बाहेरच्या माइकमध्ये जातो. उशीवर कुशीला झोपल्यावरही तसंच होतं.

पूर्ण आवाजाची सवय मात्र खरंच सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात प्रौढांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० ला आठवड्याचे चार तास उरतात, ९५ ला फक्त सवा तास. रोजचा तुमचा प्रवास बघता जुन्या बड्सवर ही मर्यादा सोमवारीच संपत असण्याची शक्यता आहे. एएनसीचा खरा फायदा हाच की तीच लेक्चर्स बऱ्याच कमी आवाजात ऐकता येतात. आवाज पुन्हा ८० टक्क्यांवर न्यायची वेळ आली तर आधी रबर तपासा.

आईचं म्हणणं बरोबर आहे, आणि तिला वाटतं त्याहून जास्त बरोबर आहे. येणाऱ्या गाडीची पहिली चाहूल म्हणजे खालच्या पट्टीतला गडगडाट, आणि एएनसी नेमका तोच सगळ्यात चांगला पुसतं. ट्रान्स्परन्सी मोडवर भिस्त ठेवू नका. आवाज येतो, पण कुठल्या बाजूने येतोय ते मोकळ्या कानाइतकं कळत नाही. रूळ ओलांडणं तर एरवीही रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाच आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रस्त्याने चालताना, दारात उभं असताना आणि स्कूटरवर बड्स डबीत. चढता-उतरतानाही डबीतच, कारण रेटारेटीत ओढणी लागून उडालेला बड फलाट आणि पायरीच्या मधल्या फटीत गेला की गेला. एकटा बड वेगळा विकत मिळेलच असं नाही.

कॉलचं थोडक्यात : या किमतीत गाडीतून नीट बोलता येईल अशी आशा धरू नका. ऑफिसच्या लॅपटॉपला बड्स जोडल्यावर मीटिंगमध्ये आवाज एकदम जुन्या लँडलाइनसारखा झाला तर माइकसाठी लॅपटॉपचाच माइक निवडा. बडचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कमी दर्जाच्या जोडणीवर उतरतं.

वर्षभराने एका बाजूचा आवाज कमी झाला असं वाटलं की दहातल्या बऱ्याच वेळा कानातला मळ जाळीत बसलेला असतो. रबर काढा, नळीचं तोंड खाली धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच झाडा. वर धरून घासलं तर मळ आत जातो. जाळीला सुई, पाणी, सॅनिटायझर काहीही लावू नका. रबरं साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळल्यावरच चढवा. बाहेरच्या माइकची बारीक भोकंही त्याच ब्रशने झाडा, ती बुजली की एएनसी दोन्हीकडे सारखं चालत नाही. पावसाळ्यात बड्स पुसूनच डबीत ठेवा, नाहीतर चार्जिंगच्या पिनांवर काळपट थर येतो. तो कान साफ करायच्या कोरड्या कापूसकाडीने निघतो. न्हाल्यावर कान ओले असताना बड्स घालू नका, दमट कान झाकून ठेवला की त्यात बुरशी धरते. रबर बदलूनही उजवा कान दुखत राहिला, खाज आली, पाणी आलं किंवा गाडीतून उतरल्यावर शिट्टीसारखा आवाज येत राहिला तर नवे बड्स नको, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

ऑनलाइन मागवणार असाल तर 'रिटर्न' लिहिलंय की 'रिप्लेसमेंट' ते ऑर्डरच्या आधी वाचा. कानात घालायची वस्तू अनेक ठिकाणी फक्त बदलून मिळते, पैसे परत मिळत नाहीत, आणि बदलून आलेला बडही तुमच्या कानात बसणार नसेल तर त्याचा उपयोग नाही. दुकानात घालून बघता आलं तर शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. मुदत बहुधा आठवडाभराची असते, म्हणून आल्या दिवशीच दोन्ही बड्स पूर्ण चार्ज करून अ‍ॅपमधलं अपडेट टाका, पंख्याखालच्या परीक्षा घ्या, दुसऱ्या दिवशी गाडीत जाऊन-येऊन वापरा आणि दोन्ही बाजूंची बॅटरी सारखी उतरते का ते बघा. एक बाजू दुसरीच्या आधी तासभर संपत असेल तर वॉरंटीची वाट न बघता त्या आठवड्यातच बदलून घ्या.